दिल्लीला विचारावं लागेल

परराष्ट्र सेवेत तीसेक वर्षं काढल्यावर तुमचं सर्वांत उपयोगी हत्यार कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी एक वाक्य सांगेन: "दिल्लीला विचारावं लागेल." समोरचा माणूस काहीतरी मागतो. ते द्यायची मला पूर्ण मुभा असते, तसा हुकूम माझ्या बॅगेत असतो. तरी मी कपाळाला आठ्या घालते, पेन खाली ठेवते आणि म्हणते, "दिल्लीला विचारावं लागेल." मग हॉटेलवर जाऊन जेवते आणि झोपते. सकाळी येऊन सांगते की दिल्ली फार कटकट करत होती, पण पटवलं एकदाचं. समोरचा खूश होतो. आपण भारताकडून काहीतरी ओढून आणलं, असं त्याला घरी जाऊन सांगता येतं.

माझी मुलगी अन्वी याला खोटारडेपणा म्हणते. मी याला रीत म्हणते. हे वाक्य आमच्या तोंडून काढून घेतलं गेलं आणि पुढे काय झालं, ते मी सांगणार आहे. शांतपणे सांगणं मला जमेलसं वाटत नाही.

त्या यंत्राची ओळख मला माझ्याच स्वयंपाकघरात झाली. दिल्लीतली थंडी होती, मी मटार सोलत बसले होते आणि अन्वी बंगळुरूहून आली होती. तिने आणि तिच्या मित्रांनी काढलेल्या कंपनीचं हे यंत्र आमच्या मंत्रालयाने नुकतंच घेतलं होतं. त्याचं नाव 'तळ'. ते तिच्या कंपनीचं आहे हे मला पेपरात वाचून कळलं, यावरून आम्हा मायलेकींचं बोलणं किती होतं ते समजावं.

"सोपं आहे आई," ती म्हणाली. "समज, आपल्याला आणि शेजाऱ्यांना मध्ये एक भिंत बांधायची आहे. तुला उंच नको, ऊन अडतं. सात फुटांपर्यंत तू सोसशील, वर नाही. त्यांना पाच फुटांहून कमी चालणार नाही, कारण आपली वाळत घातलेली धुणी त्यांना बघवत नाहीत. म्हणजे पाच आणि सात यांच्यामध्ये कुठेही जमू शकतं. पण तू सुरुवात करणार तीनपासून, ते करणार दहापासून. मग आठवडाभर चहा, टोमणे, रुसवेफुगवे. कशासाठी? तर तुमच्या मनातली शेवटची रेषा एकमेकांना माहीत नाही म्हणून. तळ ती रेषा वाचतं."

"कुठून वाचतं? कपाळावरून?"

"जवळजवळ तसंच. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्याच्या त्वचेत रक्त येतं आणि ओसरतं. त्याने रंग इतका किंचित बदलतो की डोळ्याला दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतो. म्हणजे हात न लावता नाडी कळते. शिवाय डोळ्यातली बाहुली किती मोठी होते, स्वरतंतू किती ताणले जातात, उत्तराआधी माणूस किती थांबतो. यातली एकेक खूण फसवी असते. पण हजारो वाटाघाटींच्या चित्रफिती यंत्राला दाखवल्या आणि प्रत्येकीचा शेवट काय झाला तेही सांगितलं, की ते सगळ्या खुणा एकत्र वाचायला शिकतं. आपण एकेक प्रस्ताव टाकत जायचं. शेवटच्या रेषेजवळ आलं की माणूस गप्प असला तरी त्याचं शरीर बोलतं."

"आणि एवढ्या चित्रफिती तुम्हाला दिल्या कुणी?" मी सहज विचारलं.

अन्वीने मटाराची एक शेंग उचलली आणि उगाच हातात फिरवत राहिली. "पहिल्या घरच्याच होत्या. तू परदेशातून करायचीस ते व्हिडिओ कॉल. माझ्याकडे सगळे जपून ठेवलेले होते."

"माझे?"

"मी सहलीला जाऊ का? बघू. माझ्या वाढदिवसाला येशील का? बघू. तू आणि बाबा परत एकत्र राहणार का? बघू. तुझ्या 'बघू'मध्ये हो आहे की नाही आहे, हे ओळखायला मी सात वर्षांची असल्यापासून शिकत होते, आई. मग एकदा वाटलं, हे यंत्रालाही शिकवता येईल."

मी मटार सोलत राहिले. राग आला होता. माझा चेहरा, माझा आवाज मला न विचारता वापरला, हा राग होताच. पण तिचं म्हणणं खोडून काढायला एकही वाक्य सुचेना, याचा राग त्याहून मोठा होता. तिने सोललेले चार दाणे वाटीत टाकले आणि ती बाहेर निघून गेली.

मार्च-एप्रिलमध्ये मंत्रालयाचं परिपत्रक आलं. तळ हे यंत्र दिल्लीशी सतत जोडलेलं राहील, सबब 'वरिष्ठांना विचारून कळवतो' या नावाखाली होणारा विलंब यापुढे खपवून घेतला जाणार नाही. ते परिपत्रक लिहिणाराने आयुष्यात कुठल्या परक्या माणसाशी वाटाघाट केली असेल का, असं मी मोठ्याने म्हटलं. तो माझ्या समोरच बसला होता. त्याचं नाव पराग टेंबे. सहसचिव, माझ्याहून बराच कनिष्ठ, हुशार, नीटनेटका आणि सदा घाईत.

"मॅडम, आपण वेळ वाचवतोय," तो म्हणाला.

"कुणाचा?" मी विचारलं. त्याला प्रश्न कळला नाही.

त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या सेराका नावाच्या छोट्या बेटराष्ट्रात आपलं 'कोरलई' जहाज अडकलं. वादळात जहाजाचा नांगर सुटला, समुद्राच्या तळावरून फरफटत गेला आणि समुद्राखालून जाणारी सेराकाची गोड्या पाण्याची एकुलती एक पाइपलाइन तोडून गेला. अख्ख्या मोठ्या बेटाचं पाणी तुटलं. कित्येक आठवडे लोक मचूळ पाणी प्यायले, लहान मुलं आजारी पडली. सेराकाने जहाज धरलं आणि तेरा खलाशी ताब्यात घेतले. त्यांचा राग खोटा नव्हता, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

त्या तेरा जणांत इस्माईल मुकादम होते. जहाजावरचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, आणि आडनावानेही मुकादमच. गाव दाभोळ. वादळात पोलादी दोर तुटून त्यांच्या पायाला लागला होता. त्यात मधुमेह. जखम भरत नव्हती. त्यांची बायको रुबीना हिने कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि दर दोन-तीन दिवसांनी तिचा फोन येऊ लागला. प्रश्न एकच असायचा.

"मॅडम, तुम्ही स्वतः बोललात का त्यांच्याशी?"

"अजून नाही. बोलणार आहोत."

"तुम्ही स्वतः बोला हां. कागदावर नको."

बोलणी सेराकामध्येच ठरली. पथकाचा प्रमुख पराग होता. मी शेजारी बसले होते, कारण करारावर माणसाची सही लागते आणि राजदूताच्या दर्जाची सही बरी दिसते. समोर तोमासी लेवाको होते. जन्मभर शाळेत हेडमास्तर राहिलेले, आता त्यांच्या सरकारचे मुख्य वाटाघाटीकार. जाडजूड देहाचे, सावकाश बोलणारे. त्यांच्या हातात सेराकाचं सुरुवातीचं निवेदन होतं, पंधरा-वीस पानांचं.

असं निवेदन कुणी ऐकत नाही, हे जगजाहीर आहे. सगळे कागदावर रेघोट्या ओढत बसतात. पण ते वाचू द्यायचं असतं. वाचणारा ते तुमच्यासाठी वाचत नसतो, त्याला पाठवणाऱ्या घरच्या लोकांसाठी वाचत असतो.

लेवाकोंनी पहिलं पान उघडलं. तोवर तळने त्यांच्या चेहऱ्यावरून, सकाळच्या हस्तांदोलनाच्या गप्पांत परागने सहज टाकलेल्या प्रश्नांवरून काय वाचायचं ते वाचलं होतं. परागच्या पडद्यावर रेषा उमटली होती. "सर, हे निवेदन आम्ही ऐकलं असंच समजू या," पराग हसून म्हणाला, आणि त्याने प्रस्ताव ठेवला. समुद्राचं पाणी गोडं करणारं एक संयंत्र आणि लेखी दिलगिरी. जेवढ्यावर लेवाको तयार होतील, बरोब्बर तेवढंच. रतीभर जास्त नाही, रतीभर कमी नाही.

लेवाकोंनी परागकडे पाहिलं. त्यांच्या सरकारने त्यांना जेवढ्याचा अधिकार दिला होता, तेवढं समोर पडलं होतं. नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी निवेदनाची घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि सही केली. चहासुद्धा यायचा होता.

पराग उठून माझ्याशी हात मिळवायला आला. मी हात दिला नाही. "तू त्याला नागडा केलास," मी म्हटलं. त्याला वाटलं मी जळते आहे. थोडी जळतही असेन, मी नाकारत नाही. पण लेवाकोंचा चेहरा मी पाहिला होता आणि तो बघायला मला कॅमेरा लागला नव्हता.

पुढचं कुणीही सांगितलं असतं. कराराला मंजुरी घ्यायला लेवाको आपल्या बेटसभेपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, गेले. सभेने विचारलं, तुम्ही काय मागितलंत? काही मागायची वेळच आली नाही, ते म्हणाले. भारताने आधीच देऊ केलं. लगेच? हो, लगेच. मग ते फारच थोडं असणार, सभा म्हणाली. आणि आमची पोरं मचूळ पाणी प्यायली ते तुम्ही सांगितलंत, त्यावर ते काय म्हणाले? लेवाकोंनी खिशातून निवेदन काढून दाखवलं. ते वाचू दिलं नाही, म्हणाले. सभेने करार फेटाळला, तोही एकमुखाने.

त्या वेळी आमचे तेरा खलाशी धक्क्यावर उभे होते. आंघोळी झाल्या होत्या, दाढ्या झाल्या होत्या, बॅगा हातात होत्या. सारंगांनी दाभोळला फोन करून सांगितलं होतं की निघालो. रुबीनाने मोहल्लाभर सांगितलं होतं. परतीची लाँच समोर डुलत होती. आणि शिपायांनी त्यांना रांगेत मागे फिरवलं.

रुबीनाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. "मॅडम, हे कोण बोललं होतं त्यांच्याशी?" एवढंच तिने विचारलं. मी काय उत्तर देणार होते? एक पेटी बोलली, असं?

त्यानंतर महिना-दीड महिना नुसता चिठ्ठ्याचपाट्यांत गेला. सारंगांचा पाय काळा पडत गेला. मुंबईत त्यांच्यासाठी शल्यविशारद ठरवून ठेवला होता, तो वाट बघत बसला. शेवटी सेराकाच्या छोट्या इस्पितळात, जिथे पाइपलाइन तुटल्यामुळे स्वच्छ पाण्याचीही मारामार होती, त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी परागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो खाली बघून ऐकत राहिला, एवढं त्याच्या बाजूने नोंदवते.

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी अन्वीचा फोन आला.

"आई, तुला आधी माहीत असावं म्हणून सांगते. सेराकानेही तळ घेतलंय."

"कुणाकडून?"

"आई, ऐक ना..."

"तुमच्याकडून? त्यांना पण विकलंत?"

"ते ग्राहक आहेत, आई. आम्ही बाजू घेत नाही."

"तेरा माणसं कोंडलेली आहेत. एकाचा पाय गेला. आणि तुम्ही दोन्हीकडे दुकान मांडलंत!"

"यंत्र चुकलं नव्हतं," ती हळू म्हणाली. "त्यांची रेषा बरोबर तिथेच होती. तू तपासून बघ."

"नव्हती!" मी ओरडले. "अगं, तुझ्या भिंतीच्या गोष्टीतला शेजारी पाच फूट मनात कोरून येतो का? त्यालाही माहीत नसतं. तू त्याला घरात बसवलंस, त्याचं गाऱ्हाणं ऐकलंस, तर तो चारवरही राजी होतो. तू त्याच्या तोंडावर 'तुला पाच हवेत ना, हे घे पाच' म्हणालीस, तर तो दहालाही ऐकणार नाही. ती रेषा आधी नसतेच. ती बोलता बोलता पडते. तुम्ही जे वाचलंत ते सकाळी नऊ वाजताचा एक माणूस होता, बस्स."

 मग ती म्हणाली, "हे मोजता येणार नाही." तिच्या आवाजात चीडही नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते कशाचं हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या फेरीत दोन यंत्रं समोरासमोर बसली. दोघांनी एकमेकांच्या माणसांना वाचलं आणि दोघांनी एकच निकाल दिला. सामाईक जागा शून्य. कुठल्याही अटींवर समेट शक्य नाही. परागने दिल्लीला तसं कळवायला घेतलं. पुढचा रस्ता आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा होता, म्हणजे पाच-सात वर्षं. सारंगांना तेवढी वर्षं नव्हती. कापलेल्या पायातलं विष वर मांडीत चढत होतं आणि तिथला डॉक्टर म्हणत होता की यांना इथून लवकर हलवा.

"एक बैठक मला दे," मी परागला म्हटलं. "यंत्र ऐकेल, बोलणार नाही. नाहीतरी आता बिघडायला काय उरलंय?"

तो थकला होता. त्याने मान हलवली.

मी लेवाकोंसमोर बसले आणि म्हटलं, "सर, मागच्या वेळी तुमचं निवेदन राहून गेलं. आज वाचाल का?"

त्यांनी आपल्या पुढचा पडदा उताणा होता तो पालथा घातला. खिशातून तेच कागद काढले. घडीवर मळ बसला होता. आणि ते वाचू लागले. कुठल्या वस्तीला किती लांबून पाणी आणावं लागलं, कुठल्या आजीने पाण्याच्या रांगेत चक्कर येऊन डोकं फोडून घेतलं, कुठल्या शाळेत मुलांना घरून बाटली आणायला सांगावं लागलं. पाठीमागे बसलेली त्यांची माणसं माझ्याकडे बघत होती. मी रेघोट्या ओढल्या नाहीत. जेवणाची वेळ टळून गेली, तरी कुणी उठलं नाही. मध्ये एकदा मी पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. लेवाकोंनी ते पाहिलं.

मग मी माझं वाचलं. तेरा घरं, त्यातलं एक दाभोळचं. मग आम्ही भांडलो. चांगले तासन् तास भांडलो. जहाजाच्या कंपनीने नांगर कधी तपासला होता यावरून, इस्पितळातल्या हलगर्जीवरून, पाय कुणामुळे गेला यावरून. ते टेबलावर हात आपटत होते, मीही आपटत होते. परागला घाम फुटला होता.

दिवस कलताना लेवाको मागे रेलले. "संयंत्र तर हवंच. पण कागदावरची दिलगिरी नको," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः आमच्या बेटसभेत उभं राहून बोला. मग तेराही जण घरी जातील."

याचा अधिकार माझ्याकडे होता. पहिल्या दिवसापासून होता. परागच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला: स्वीकारा. परागने कागदावर मोठ्या अक्षरांत 'हो म्हणा' लिहून माझ्याकडे सरकवलं. माझ्या डोळ्यांपुढे इस्पितळातली ती खाट होती. हो म्हणायला माझी जीभ वळवळत होती.

मी पेन खाली ठेवलं. "दिल्लीला विचारावं लागेल," मी म्हटलं.

लेवाकोंचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मला सैल दिसले. "विचारा," ते म्हणाले. "मी उद्या इथेच आहे."

बाहेरच्या व्हरांड्यात परागने मला अडवलं.  "मॅडम, तो माणूस तिकडे मरतोय आणि तुम्ही नाटक करताय?"

"हो," मी म्हटलं. "गेल्या वेळी तू नाटक केलं नाहीस, म्हणून तो अजून इथे आहे."

बोलायला सोपं होतं. संध्याकाळी रुबीनाचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही स्वतः बोललात?"

"स्वतः बोलले."

"मग? कधी?"

'बघू' ओठावर आलं होतं. तो शब्द मी गिळला. "उद्या," मी म्हटलं. उद्या जर लेवाको फिरले असते, तर त्या बाईला मी पुन्हा तोंड दाखवू शकले नसते.

सकाळी मी लेवाकोंना सांगितलं की राजदूताने परक्या सभेत उभं राहायला दिल्लीचा कडाडून विरोध होता. मी भांडले आणि मिळवलं. पण दिल्लीची एक अट आहे: सभेत मतदान होण्याआधी खलाशी निघाले पाहिजेत. लेवाकोंनी भुवया चढवल्या. "मला बेटसभेला विचारावं लागेल," ते म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही सगळं कळत होतं आणि दोघेही हसलो नाही. दुपारी ते परत आले आणि म्हणाले की सभा फार चिडली होती, पण त्यांनी पटवलं.

सारंगांना स्ट्रेचरवर विमानात चढवलं, बाकीचे बारा मागोमाग गेले. मी बेटसभेत उभी राहिले आणि जे बोलले ते मनापासून बोलले. करार आजतागायत टिकला आहे.

आता यानंतर मी कशाला चिडावं? ऐका.

मंत्रालयात समारंभ झाला. मोठ्या पडद्यावर आकडे आले. तळ यंत्रणेच्या साहाय्याने सोडवलेलं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रकरण. तेरापैकी तेरा सुखरूप परत. यश शंभर टक्के. यंत्र त्या बैठकीत गप्प बसलं होतं, पण ऐकत होतं, आणि जे ऐकलं ते शिकलं होतं. नव्या आवृत्तीत ते स्वतःच सुचवतं की आता एक रात्र थांबा. 'दिल्लीला विचारावं लागेल' हे वाक्यही त्यात घातलं आहे, आठ भाषांत. मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मधे बसले होते आणि माझे कान तापले होते.

समारंभानंतर पराग आणि अन्वी मला एका खोलीत घेऊन गेले. खुर्ची होती, समोर कॅमेरे होते. सहा महिने मी रोज इथे बसावं, जुन्या वाटाघाटी पुन्हा करून दाखवाव्यात, म्हणजे माझी हातोटी यंत्रात उतरेल, अशी त्यांची इच्छा होती.

"या वेळी विचारतेय, आई," अन्वी म्हणाली. "मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

ते मला लागलं. तिने विचारलं, याचं बरंही वाटलं. परागच्या हातातल्या पडद्यावर हिरवी रेषा वर चढत होती. माझी रेषा.

"दिल्लीला विचारावं लागेल," मी म्हटलं.

"मॅडम, आपण दिल्लीतच आहोत," पराग म्हणाला.

"मग दाभोळला विचारावं लागेल."

मी खरंच गेले. मुकादमांचं घर जेटीच्या वरच्या अंगाला आहे. सारंग पडवीत खुर्चीवर बसले होते, कुबडी भिंतीला टेकवलेली. रुबीनाने मला पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरले. पहिल्यांदाच भेटत होतो आम्ही. मी सगळं सांगितलं. यंत्र कसं शिकतं, मला कशाला बसवताहेत, सगळं.

सारंगांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या मशिनीत मी आहे का, मॅडम?"

"आहात. तेरापैकी एक. सुखरूप, असं लिहिलंय."

"सुखरूप?" रुबीना आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "कोण म्हणतो सुखरूप? त्याला म्हणावं ये इथे. ये आणि यांना मशिदीच्या पायऱ्या चढवून दाखव."

"तू थांब जरा," सारंग म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही बसा खुशाल त्या खुर्चीवर. माझी ना नाही. पण आधी माझा पाय लिहा म्हणावं. पहिल्यांदा जे घाईघाईने केलंत त्याच्यापायी गेला, असं लिहा. नायतर ती मशीन उद्या आणखी कुणाशी तसंच करील आणि सुखरूप म्हणेल."

मी ते म्हणणं घेऊन दिल्लीला आले. आयुष्यात इतक्या सरकारांचे निरोप नेले, पण एवढा सरळ निरोप कधी नेला नव्हता. परागसमोर बसले आणि अट सांगितली. पाय लिहायचा, पहिली वाटाघाट फसली असं लिहायचं, मग मी बसेन.

 हे लिहिलं तर शंभर टक्के राहत नाहीत, हे त्याला कळत होतं. यंत्र घ्यायला दुसरे देश रांगेत उभे होते, हेही त्याला कळत होतं. शेवटी त्याने चष्मा काढला, पेन खाली ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वर विचारावं लागेल, मॅडम," तो म्हणाला.

त्याला आता कित्येक महिने झाले. ते अजून विचारताहेत. कॅमेऱ्यांपुढची खुर्ची रिकामी आहे आणि मी निवृत्त व्हायला आले आहे. मागच्या आठवड्यात अन्वीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी तिला विचारलं, "यंत्र तुमचं, नोंद तुमच्या हातात. तू तरी लिहिशील ना गं, सारंगांचा पाय?"

ती थांबली. मग म्हणाली, "बघू, आई."

त्या 'बघू'चा अर्थ ओळखायला मला यंत्र लागलं नाही. मी फोन ठेवला आणि दाभोळचा नंबर लावला. मुकादमांना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. 'बघू' म्हणायचं नाही, एवढंच ठरलं होतं.